मोजायला कुणीतरी हवं

प्रश्न : ताई, माझं वय 39. डोंबिवलीला राहते, फोर्टमधल्या एका कंपनीत अकाउंट्सला आहे. सकाळी 5.10 ला उठते. दोन डबे, मुलाची शाळेची तयारी, सासूबाईंचा नाश्ता करून 7.25 ला घर सोडते. स्टेशन चालत 15 मिनिटांवर आहे, पण सकाळी शेअर रिक्षा करते. सीएसएमटीला उतरून ऑफिसपर्यंत 12 मिनिटं चालत. घरी परत यायला पावणेआठ, झोपायला पावणेबारा. गेल्या दिवाळीनंतर मोबाइलवर घरच्या घरी करायच्या व्यायामाचा 90 दिवसांचा कोर्स घेतला, रोज 45 मिनिटांचा. मॅट, रबरी पट्टा, 3 किलोचे दोन डंबेल्स, सगळं आणलं. पहिल्यांदा 11 दिवस टिकलं, मग 19, मग 8, मग 23. कधी मुलाचा ताप, कधी महिनाअखेर, मार्चमध्ये तर इयर एंडिंग. दर वेळी पुन्हा पहिल्या दिवसापासून सुरू करते. सासूबाई म्हणतात, "घरातली कामं हाच बायकांचा व्यायाम, वेगळं काय करायचं?" त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन होऊन दहा महिने झालेत. मिस्टरांना गुरुवारी सुट्टी असते. मुलगा आठ वर्षांचा. नुसते सूर्यनमस्कार घातले तर चालतील का? खरं सांगते, माझ्यात चिकाटीच नाही असं वाटायला लागलंय.
— एक वाचक, डोंबिवली

उत्तर : तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना पेन घेऊन बेरीज केली. 11, 19, 8 आणि 23, म्हणजे 61 दिवस. डबे, लोकल, महिनाअखेर सांभाळून तुम्ही 61 दिवस व्यायामाला 45 मिनिटं काढलीत. चिकाटी नसलेल्या माणसाला हे जमत नाही. तो शब्द तुम्ही स्वतःसाठी पुन्हा वापरू नका.

आता दुसरी बेरीज. पावणेबाराला झोपून 5.10 ला उठता, म्हणजे झोप साधारण साडेपाच तास. कोर्ससाठी त्यातली 45 मिनिटं काढली तर पावणेपाच तासही राहत नाहीत. अशी झोप घेऊन कुणाचंही शरीर एक ते तीन आठवड्यांत नाही म्हणायला लागतं, आणि तुमचं साधारण तेवढ्याच दिवसांत म्हणालं. गेली बावीस वर्षं मी फिजिओथेरपिस्ट म्हणून ठाण्यात काम करते. झोप कापून केलेला व्यायाम वर्षभर टिकलेला मी पाहिलेला नाही. पहाटेची वेळ सोडून द्या, मनात अपराधी वाटू न देता.

तिसरी बेरीज मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. स्टेशन ते ऑफिस 12 मिनिटं, जाताना आणि येताना, आठवड्यातून पाच दिवस. झाली 120 मिनिटं. संध्याकाळी डोंबिवली स्टेशनवरून घरी चालत या. ते 15 मिनिटं पाच दिवस, म्हणजे 75. एकूण 195. जागतिक आरोग्य संघटनेने 2020 मध्ये प्रौढांसाठी जी शिफारस केली, ती आठवड्याला 150 ते 300 मिनिटं मध्यम दमाच्या हालचालीची आहे. मध्यम दम म्हणजे काय? चालताना बोलता येतं पण गाणं म्हणता येत नाही, इतपत. पूर्वी सलग 10 मिनिटं झाली तरच ती धरा असं सांगत. त्या वेळी ती अटही काढून टाकली. म्हणजे फोर्टच्या फुटपाथवरची तुमची 12 मिनिटं जमेस धरायचीच, फक्त मोबाइल पर्समध्ये ठेवून जरा झपझप चाला. रेल्वेच्या पुलाचे जिनेसुद्धा धरायचे. 1953 साली जेरेमी मॉरिस या डॉक्टरांनी लंडनच्या डबलडेकर बसवरच्या लोकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. दिवसभर बसून असणाऱ्या ड्रायव्हरांपेक्षा, वरखाली जिने चढणाऱ्या कंडक्टरांना हृदयविकार कमी होता. ते कंडक्टर व्यायाम म्हणून जिने चढत नव्हते, तिकिटं फाडायला चढत होते.

तर दमाचा व्यायाम तुमच्याकडे जवळपास आहेच. कमी आहे ती ताकद. तिशीनंतर स्नायू दर दहा वर्षांनी साधारण 3 ते 8 टक्के कमी होत जातात, साठीनंतर जास्त वेगाने. चालण्याने हे पुरेसं थांबत नाही, त्यासाठी स्नायूंवर वजन घ्यावं लागतं. म्हणून त्याच शिफारशीत आठवड्यातून किमान दोन दिवस ताकदीचा व्यायाम सांगितला आहे. दोन दिवस. तुमच्या कोर्सने रोज 45 मिनिटं मागितली, तुम्हाला खरी गरज आठवड्यातून दोनदा 25 मिनिटांची होती.

सासूबाईंचं म्हणणं मी उडवून लावणार नाही. त्यांनी पाहिलेली घरातली कामं वेगळी होती. जात्यावर दळण, विहिरीचं पाणी शेंदणं, दोन हातांत दोन भरल्या बादल्या, चुलीपुढे दिवसातून पंचवीस वेळा उकिडवं बसणं नि उठणं. ओढणं, ढकलणं, उचलणं, बसून उठणं, सगळं त्यात होतं. (आराम मात्र नव्हता, हेही त्यांना विचारा, सांगतील.) आज ओट्याशी उभं राहून आपण दोन तास काम करतो, कंबर भरून येते, पाय दुखतात, पण मांड्यांना आणि पाठीला जोर कुठेच पडत नाही. दमतो आपण, ताकद वाढत नाही. एवढा फरक त्यांना शांतपणे सांगितलात तर पटेल असं मला वाटतं.

आता माझ्या घरातली एक गोष्ट सांगते, कारण तुमच्या प्रश्नाचं उत्तर मला तिथे मिळालं.

माझे वडील मिरजेचे, तालमीतले. तरुणपणी रोज पहाटे हौद्यात, म्हणजे कुस्तीच्या मातीत. ती लाल माती ताक, तेल, हळद, लिंबू घालून कशी मळायचे, याचं वर्णन ते आम्हाला जेवताना करायचे. 2016 मध्ये त्यांना पक्षाघाताचा झटका आला. उजवा हात-पाय गेला, वाचा गेली. चार महिने मी आठवड्याचे तीन दिवस ठाण्याला आणि चार दिवस मिरजेला होते. दिवसभर पेशंटकडून व्यायाम करून घेणारी मी, स्वतः एक बैठक मारत नव्हते. एक दिवस त्यांना पलंगावरून खुर्चीत घेताना माझी कंबर धरली. दोन दिवस मला मोजे घालता येईनात.

त्यानंतर वहिनीने एक केलं. रात्री आठला बाबांच्या गोळ्या असायच्या. गोळ्या देऊन झाल्या की ती मला दाराच्या चौकटीपाशी उभं करायची आणि बाबांना म्हणायची, "मामा, हिच्या बैठका मोजा." वाचा गेलेल्या माणसाला बोलणं जमत नसलं तरी आकडे, वारांची नावं, पाठ असलेला श्लोक हे बऱ्याचदा आधी जमतं. त्यांना बोलण्याचे व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनीही मोजण्याचा सराव सांगितलाच होता. मी चौकट धरून खाली बसायची आणि बाबा म्हणायचे, "एक." मग बराच वेळ काहीच नाही. मी खालीच थांबायची, मांड्या थरथरायला लागायच्या. मग "दोन." पहिल्या दिवशी आम्ही चारपर्यंत गेलो. तीन आठवड्यांनी बारा झाल्या. एका रात्री मी कंटाळून आधीच अंथरुणावर पडले होते, तर त्यांनी डाव्या हाताने काठी फरशीवर आपटली आणि म्हणाले, "एक!"

तेव्हा तालमीतलं एक गुपित माझ्या लक्षात आलं. तिथे कुणी एकटं जोर मारत नाही. वस्ताद असतो, जोडीदार असतो, मोजणारा असतो. तुमच्या घरात चार माणसं आहेत आणि तुमचा व्यायाम एकट्या मोबाइलला माहीत आहे. तो बंद पडला तर घरात कुणाला कळतही नाही. म्हणून मोजायला माणूस ठेवा.

तुमच्याकडे तो आठ वर्षांचा आहे. संध्याकाळी घरी आलात, हातपाय धुतलेत, की सोफ्यावर बसण्याआधी चार मिनिटं. मुलगा मोठ्याने मोजणार. आणि सासूबाईंना शेजारच्या खुर्चीत बसवा. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर खुर्चीतून उठणं-बसणं हा त्यांना स्वतःला हवा असलेला व्यायाम आहे. त्यांची खुर्ची उंच आणि हातांची असू द्या, जमिनीवर किंवा पाटावर बसायचं नाही, आणि एकदा त्यांच्या डॉक्टरांना विचारून घ्या. तुम्ही दहा, त्या पाच.

त्या चार मिनिटांत काय करायचं तेही सांगते. खुर्चीला पाठ करून दहा बैठका, बूड खुर्चीला टेकलं की लगेच उठायचं, गुडघे पायाच्या बोटांच्या दिशेने. मग ओट्यावरचे जोर. ओट्याची कड आधी कोरडी पुसून घ्या, गॅसपासून लांबची बाजू निवडा, तळवे खांद्याएवढ्या अंतरावर कडेवर ठेवून पाय मागे न्या. टाचेपासून डोक्यापर्यंत अंग फळीसारखं सरळ, आणि मनात तीन म्हणेपर्यंत छाती ओट्याकडे न्यायची. कंबर खाली लोंबायला लागली की थांबायचं, मग सहा झाले असतील तरी चालतील. शेवटी तिथेच ओटा धरून दहा वेळा चवड्यांवर उभं राहा. झालं. ज्या दिवशी ऑफिसमधून नऊला याल, डोकं उठलेलं असेल, त्या दिवशीही हे होतं. महिनाअखेरीला फक्त एवढंच.

पूर्ण व्यायाम गुरुवारी आणि रविवारी. मिस्टरांना "मदत करा" असं मोघम सांगू नका. "गुरुवारी 8 ते 8.25 भात, दाराची बेल आणि पोराचा अभ्यास तुमच्याकडे" असं सांगा. वेळ नेमकी सांगितली की घरातली माणसं ती पाळतात, माझा अनुभव आहे. त्या 25 मिनिटांत वरचंच सगळं तीन फेऱ्यांत, बैठकांच्या वेळी एक डंबेल दोन्ही हातांनी छातीशी धरून. रबरी पट्टा पाय लांब करून बसून तळव्यांभोवती अडकवायचा आणि कोपरं मागे नेत कमरेकडे ओढायचा, 12 वेळा. उताणं झोपून, गुडघे दुमडून कंबर उचलायची, 12 वेळा. आणि शेवटी दोन्ही हातांत डंबेल घेऊन हॉल ते बेडरूम चार खेपा, पाठ ताठ. 3 किलो हलके वाटायला लागले की तांदळाच्या पिशव्या घ्या. श्वास कुठेही रोखायचा नाही.

सूर्यनमस्कार जरूर घाला. माझे आजोबा आटपाडीचे. आटपाडी तेव्हा औंध संस्थानात होती आणि औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी शाळांमध्ये नमस्कार सक्तीचे केले होते. आजोबांनी शाळेत लागलेली ती सवय म्हातारपणापर्यंत पाळली, रोज 25. नमस्कारात अंग वाकतं, ताणलं जातं, हातांवर भार येतो, दम लागतो. एकच गोष्ट त्यात नाही, ओढणं. दिवसभर कीबोर्डवर वाकलेल्या खांद्यांना तेच हवं असतं, म्हणून पट्टा सोडू नका.

खंड पडेल. गणपतीत पडेल, मार्चमध्ये पडेल. तुमचं खरं नुकसान खंडाने झालेलं नाही, दर वेळी "पहिला दिवस" म्हणून परतण्याने झालं. लंडनमध्ये फिलिपा लॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 96 जणांवर सवयीचा अभ्यास केला होता, 2010 मध्ये तो छापून आला. एखादी गोष्ट अंगवळणी पडायला सरासरी 66 दिवस लागले, पण कुणाला 18 पुरले, तर कुणाला 254 लागतील असा हिशेब निघाला. 21 दिवसांत सवय लागते असं जे सर्रास सांगतात, त्यावर विसंबू नका. आणि मधला एखादा दिवस चुकल्याने सवय लागण्यात फारसा फरक पडला नाही, हेही त्याच अभ्यासात दिसलं. ताकदही लगेच जात नाही. दोन-तीन आठवडे ती बऱ्यापैकी टिकते.

तेव्हा आठवडाभर खंड पडला तर जिथे होतात तिथूनच पुढे. दोन-तीन आठवडे गेले तर पहिल्या दोन वेळा एकच फेरी करा, मग पूर्ववत. खंडानंतर एकदम सगळं केलंत तर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मांड्या इतक्या भरतात की लोकलमध्ये चढताना पाय उचलत नाही, आणि माणूस तिथेच सोडतो. तसं दुखलंच तर घाबरू नका, 24 ते 72 तासांत ते सगळ्यात जास्त असतं, मग ओसरतं. सांध्यात कळ आली, सूज आली, छातीत दाटलं किंवा चक्कर आली तर मात्र व्यायाम थांबवून डॉक्टरांकडे. ताप असताना कुठलाच व्यायाम नको. मुलाच्या तापात चार मिनिटं करायची की नाही, ते त्या रात्री किती झोप झाली त्यावरून तुम्हीच ठरवा.

तुमचा 90 दिवसांचा कोर्स फोनवर राहू दे, त्यातले आवडलेले प्रकार गुरुवारी वापरा. मोजणी मात्र पोराकडे द्या. आणि सासूबाई खुर्चीतून किती वेळा उठल्या, तेही मला लिहा.

प्रश्न : मी 52 वर्षांचा, नाशिकला सातपूरच्या कारखान्यात मशीनवर आहे. तीन पाळ्या, दर आठवड्याला बदलतात. दोन वर्षांपासून शुगरच्या गोळ्या चालू आहेत. पहाटे 45 मिनिटं चाला आणि रोज 10,000 पावलं करा असं सगळे सांगतात. रात्रपाळीच्या आठवड्यात पहाटे मी मशीनवर असतो. घरचे म्हणतात, कारणं सांगता. काय करावं?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : हे कारण नाही, अडचण आहे, आणि खरी आहे. घड्याळ तुमच्या हातात नसलं तरी जेवण आहे. पाळी कुठलीही असो, दोन मोठी जेवणं होतातच. प्रत्येक जेवणानंतर अर्ध्या तासाच्या आत 10 ते 15 मिनिटं चाला, कॅन्टीनच्या बाहेर, शेडच्या कडेने, घरी असाल तर गल्लीत. जेवणानंतर चढणारी साखर त्या वेळी पायाचे स्नायू वापरून टाकतात, म्हणून शुगरच्या माणसाला ती वेळ फार उपयोगी. दोन जेवणं धरली तर आठवड्याची 140 ते 210 मिनिटं होतात, म्हणजे 150 च्या आसपास किंवा त्याहून जास्त.

10,000 चा आकडा टोकियो ऑलिंपिकनंतर, 1965 मध्ये जपानात विकायला आलेल्या एका पावलं मोजायच्या यंत्राच्या नावातून आला. त्या नावाचा अर्थच "दहा हजार पावलं मोजणारं". तो डॉक्टरी संशोधनातून ठरलेला आकडा नव्हता. आज तुमची चार हजार होत असतील तर पाच करा, ते चांगलंच आहे.

रात्रपाळीच्या आठवड्यात सकाळी घरी आल्यावर दमाचा व्यायाम करू नका, झोपा. दुपारी उठल्यावर, जेवणाआधी, खुर्चीच्या बैठका आणि भिंतीवरचे जोर, दहा मिनिटं. हे आठवड्यातून दोनदा, सुट्टीचा वार धरून. कालनिर्णयवर तुम्ही पाळी लिहीत असालच, तिच्याच खाली ते दोन वार लिहा आणि करून झाले की घरच्यांना खूण करायला सांगा.

दोन गोष्टी न चुकता. तुमच्या गोळ्यांनी साखर एकदम उतरू शकते का, हे डॉक्टरांना विचारा आणि चालताना खिशात साखरेच्या पुड्या किंवा ग्लुकोजच्या गोळ्या ठेवा. हात थरथरले, दरदरून घाम फुटला तर थांबून लगेच खा. आणि कारखान्यातले सेफ्टी शूज चालायला कडक पडतात. पाळी संपल्यावर बूट काढलेत की दोन्ही तळपाय आणि बोटांमधल्या बेचक्या उजेडात नीट बघा. फोड किंवा चीर दिसली तर त्या दिवशी चालणं बंद, खुर्चीतला व्यायाम चालू, आणि जखम दोन दिवसांत सुकली नाही तर दवाखान्यात दाखवा.